गोरेपणाचा पारा

"काकू, पंधरा दिवसांत फरक पडतो. बघा ना माझे गाल!"

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका सभासद बाईंची मुलगी मला हे सांगत होती. वय बावीस. घरात स्थळं बघणं सुरू झालेलं. दोन ठिकाणांहून 'मुलगी चांगली आहे, पण रंग जरा...' असा निरोप आलेला. हा 'पण' आपल्यापैकी किती जणींनी ऐकलाय! मग मैत्रिणीच्या ओळखीनं कुठल्याशा पार्लरमधून एक क्रीम आलं. प्लास्टिकची पांढरी डबी, वर ना कंपनीचं नाव, ना पत्ता, ना घटकांची यादी. सोबत एक चिठ्ठी होती, 'रात्री लावावे. सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये.'

ते शेवटचं वाक्य वाचून मी थबकले. चेहऱ्याला चालतं आणि सोन्याला चालत नाही, असं हे काय असावं? तिची आई मध्येच म्हणाली, "हिचे सकाळी डोळे सुजतात हल्ली. पायावर बोट दाबलं तर खळगा पडतो. अशक्तपणा असेल, नाही का?" मुलीनं मग मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की लघवीला साबणासारखा फेस येतो.

मी कला शाखेची पदवीधर. रसायनशास्त्राशी संबंध दहावीनंतर संपला. पण अकोल्याची बातमी माझ्या डोक्यात होती. २०२३च्या सुरुवातीला ती वर्तमानपत्रांतून आली होती. एकाच कुटुंबातल्या तिघी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी पडल्या. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीनं क्रीमची तपासणी झाली आणि त्यात पारा सापडला. त्यानंतर केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांमध्ये विकाराचा एक दुर्मीळ प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचं कबूल केलं. या विकारात मूत्रपिंडाची गाळणी बिघडते आणि रक्तातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जातं. फेस त्याचाच, आणि सूजही त्याचीच.

मी त्या मायलेकींना दुसऱ्याच दिवशी लघवीची तपासणी करायला पाठवलं. प्रथिन जात होतं. डॉक्टरांनी आधी क्रीम बंद करायला सांगितलं आणि मग पुढच्या तपासण्या. पण त्या डबीत नेमकं काय होतं, हे शेवटपर्यंत कुणी सांगू शकलं नाही. कुठं तपासून मिळतं, हे मी चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी पाचवा पत्ता मिळाला! हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

आधी मला पडलेला साधा प्रश्न. पारा गालावर लावला तर मूत्रपिंड का बिघडावं? याचं उत्तर शोधताना मला एक गोष्ट सापडली, आणि तिचा वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गॅस गळाला की येणारा तो उग्र वास! स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं रसायन थोडंसं मिसळतात. कांदा चिरताना, केस जळताना येतो तोही याच गोत्रातला वास. या सगळ्यांत गंधक असतं. 'मरकॅप्टन' हे नाव १८३०च्या दशकात डेन्मार्कच्या झाइसे या रसायनशास्त्रज्ञानं ठेवलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पाऱ्याला पकडणारं'. या पदार्थांच्या रेणूच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजनची एक जोडी असते. पारा जवळ आला की हे गंधक हायड्रोजनचा हात सोडतं आणि पाऱ्याचा धरतं. आणि एकदा धरला की सहजी सोडत नाही. आजकाल या पदार्थांना थायॉल म्हणतात. पाऱ्याप्रमाणेच शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांच्याशीही त्यांची अशीच गट्टी जमते.

आपल्या जुन्या रसशास्त्राला ही जोडी ठाऊक होती. पाऱ्याला शिवबीज आणि गंधकाला गौरीबीज म्हणत. दोन्ही एकत्र खलून काळी कज्जली करत. जमिनीत सापडणारा हिंगूळ म्हणजेही पारा आणि गंधकच. दोघांचं लग्न निसर्गानंच लावून दिलेलं आहे म्हणा ना!

अडचण अशी की हे गंधक आपल्या शरीरातही ठिकठिकाणी आहे. प्रथिनं ज्या मण्यांची माळ असतात, त्यांतला सिस्टीन नावाचा मणी गंधकाचा. केसांत, नखांत तो भरपूर, म्हणून तर जळक्या केसांना तो वास. शरीरातले कित्येक कामकरी रेणू आपलं काम याच गंधकाच्या बळावर करतात. पारा आत शिरला की तो थेट या मण्याला चिकटतो, आणि त्या रेणूचं काम ठप्प होतं. कुलपात कुणी मेण ओतावं तसं. त्वचेला रंग देणारं द्रव्य तयार करणारा रेणूही पाऱ्यानं बंद पडतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. थोडक्यात, तो गोरेपणा म्हणजे त्वचेचा एक कारखाना विषानं बंद पाडल्याची खूण. सौंदर्य कसलं त्यात?

मूत्रपिंडाचं दुखणंही इथंच आहे. विषारी धातूंना धरून ठेवण्यासाठी शरीराकडे स्वतःचे पहारेकरी आहेत. १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात शास्त्रज्ञांना एक प्रथिन सापडलं, मेटॅलोथायोनिन. त्याच्या साठेक मण्यांपैकी जवळजवळ वीस मणी गंधकाचे! धातू धरणं हेच जणू त्याचं काम. मूत्रपिंड रक्त गाळतं, त्यात असे पहारेकरी अधिक, म्हणून पारा तिथंच साठत जातो. घरातली जी बाई सगळ्यांचं निस्तरते, तीच आधी आजारी पडते. मूत्रपिंडाचंही तसंच.

आता कुणी म्हणेल, ज्या लावतात त्या भोगतील. तसं नाही हो. पारा हवेत उडतो. उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर, आईच्या गालाला गाल लावणाऱ्या बाळाच्या तोंडात जातो. २०१० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियातल्या काही कुटुंबांची तपासणी झाली. तिथं मेक्सिकोहून आलेली पारायुक्त क्रीम वापरात होती. ज्यांनी क्रीमला हातही लावला नव्हता, अशा घरच्यांच्या शरीरातही पारा वाढलेला निघाला.

आणि चेहरा धुतला की पुढं काय? मोरीतून गटारात, गटारातून नदीत, नदीतून खाडीत. अर्थात पाण्यातला सगळा पारा क्रीममधून येत नाही. जगात सर्वांत जास्त पारा लहान सोन्याच्या खाणींतून बाहेर पडतो, त्याखालोखाल कोळसा जाळल्यानं. पण वाट कुठलीही असो, मुक्काम एकच. तिथंही पुन्हा हे गंधक भेटतं. कुजलेला पालापाचोळा, शेवाळ, खाडीचा काळा चिखल या सगळ्यांत गंधकाचे सेंद्रिय पदार्थ असतात, आणि ते पाऱ्याला धरून ठेवतात. झाडंही हे करतात. कॅडमियमसारखा धातू मुळांतून आत आला की वनस्पती गंधकयुक्त मण्यांची छोटी माळ तयार करतात आणि धातूला त्यात गुंडाळून पेशीच्या कोपऱ्यात बंद करतात. १९८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. फायटोकेलॅटिन हे त्या माळेचं नाव. आपण माळ्यावर अडगळ टाकतो, त्यातलाच प्रकार!

म्हणजे चिखल ही एक तिजोरीच झाली. पण या तिजोरीची चावी काही जिवाणूंकडे आहे. हवा नसलेल्या गाळात राहणारे हे जिवाणू पाऱ्याला एक कार्बनी शेपूट जोडतात आणि मिथाइल पारा तयार होतो. हे काम कुठल्या दोन जनुकांमुळे होतं, ते २०१३ मध्ये कळलं. साध्या पाऱ्यापेक्षा हा मिथाइल पारा फार घातक. शेवाळातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात अशी त्याची चढण असते आणि प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढतं. माशाच्या मांसातल्या गंधकाला तो चिकटून बसतो, म्हणून मासा कितीही धुवा, तळा, उकडा, तो जात नाही.

आणि खरी दगाबाजी पुढंच आहे. आपल्या शरीरात तो सिस्टीनला चिकटला की ती जोडी मेथिओनिन या आवश्यक पोषकद्रव्यासारखी दिसू लागते. मेंदूचं दार आणि गर्भाशयातल्या वारेचं दार हे सोंग ओळखत नाही. रावणानं साधूचा वेश घेऊन भिक्षा मागावी आणि सीतेनं रेषा ओलांडावी, तसं होतं. जे गंधक चिखलात त्याला अडवत होतं, तेच इथं त्याला आत नेतं.

जपानमधल्या मिनामाता गावानं हे सोसलं. तिथल्या चिस्सो कंपनीचा कारखाना पारा असलेलं सांडपाणी समुद्रात सोडत होता. आधी मांजरं वेड्यासारखी नाचू लागली, मग माणसं थरथरू लागली. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. तरी ते सांडपाणी थांबलं १९६८ मध्ये. नऊ वर्षं! तोवर डॉक्टरांचा समज असा होता की वार बाळाला विषापासून वाचवते. मिनामातात मात्र धडधाकट दिसणाऱ्या आयांच्या पोटी पांगळी, मतिमंद मुलं जन्मली. आईतलं विष बाळाकडे गेलं होतं. आपल्या वाट्याचं विष मुलीनं घेतलं म्हणून आपण वाचलो, असं मानून तिला जिवापाड जपणारी आईही त्या गावात होती.

हे सिद्ध कसं झालं ठाऊक आहे? जपानी बायका बाळाची वाळलेली नाळ छोट्या पेटीत जपून ठेवतात. आपल्याकडेही काही घरांत ती पुरचुंडीत ठेवलेली असते. डॉ. मासाझुमी हाराडा यांनी त्या जपलेल्या नाळा आयांकडून मागून घेतल्या, आणि तपासणीत त्यांतला पारा बोलला. आईनं मायेनं ठेवलेली वस्तू पुरावा ठरली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग यावर औषध नाही का? आहे, आणि तेही गंधकाचंच. दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिक असलेल्या विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांच्या चमूनं एक औषध शोधलं. त्याला गंधकाचे दोन हात आहेत. धातूला दोन्हीकडून धरायचं आणि लघवीवाटे बाहेर न्यायचं. पुढं याच कल्पनेवर तोंडानं घेण्याची औषधं आली. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. ते पहिलं औषध मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेत दिलं तर पारा मेंदूकडे ढकललं जाण्याचा धोका असतो. 'शरीरातलं विष काढून देतो' म्हणत विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासून तर चार हात दूरच राहा. लसणात गंधक आहे हे खरं, पण चार पाकळ्या जास्त खाऊन पारा निघत नाही. लसूण फोडणीत घाला, औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका. आणि गंधक मिसळलं म्हणून पारा निरुपद्रवी झाला, असंही धरून चालू नका. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये असाच मूत्रपिंडविकार पारा असलेली पारंपरिक औषधं घेणाऱ्यांत नोंदवला आहे.

आता कायद्याचं पाहू. पाऱ्यावर २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मिनामाताचंच नाव दिलं गेलं. भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरलं की पारा घातलेल्या सौंदर्यप्रसाधनांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ पर्यंत बंद व्हायला हवी, कितीही कमी पारा असला तरी. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० मध्ये डोळ्यांची प्रसाधनं वगळता नकळत राहणाऱ्या पाऱ्याची मर्यादा एक पीपीएम आहे. म्हणजे एका किलोत एक मिलिग्रॅम. जगभरात पकडलेल्या क्रीममध्ये मात्र हजारो पीपीएम पारा निघाला आहे. पाच हजार पीपीएमचा हिशेब मांडला तर वीस ग्रॅमच्या डबीत शंभर मिलिग्रॅम. अशा दहा डब्या म्हणजे एका फुटलेल्या थर्मामीटरइतका पारा, गालावर चोळलेला!

कायदा आहे, मग घोडं अडतं कुठं? मला वाटतं, तीन ठिकाणी. पहिलं, नियम लागू होतो परवाना असलेल्या, नाव-पत्ता असलेल्या मालाला. बिननावाची डबी, कुणाच्या तरी सामानातून आलेलं परदेशी क्रीम, फोनवरून मागवलेलं पार्सल हे त्या जाळ्यातून निसटतं. दुसरं, तपासणी ही तक्रारीनंतर होते, आणि तक्रार करायला आधी संशय यावा लागतो. चेहरा उजळतोय म्हणून खूश असलेली मुलगी कशाला तक्रार करेल? सूज येते तेव्हा कुणी क्रीमचं नावही काढत नाही, आणि डॉक्टरही विचारतातच असं नाही. तिसरं म्हणजे तो पत्ता. संशय आलेल्या बाईनं डबी घेऊन जायचं कुठं? शाळेतल्या मुलांना पाणी तपासायला शिकवतात, ग्रामपंचायतीतून पाण्याचे नमुने जातात. मग प्रत्येक जिल्ह्यात संशयित क्रीम स्वीकारणारी एक खिडकी का नसावी? अन्न व औषध प्रशासनाकडे महिला मंडळांनी ही मागणी लावून धरायला हवी. मोर्चा नको, नुसतं लेखी निवेदन दिलं तरी सुरुवात होईल.

पण सगळं सरकारवर ढकलून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. पारा विकला जातो कारण तो 'पण' विकला जातो. २०२० मध्ये एका मोठ्या क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द गेला. शब्द गेला, मागणी कुठं गेली? स्थळाच्या जाहिरातीत आजही 'गोरी, सुस्वरूप' असतंच. बाळ जन्मल्यावर पहिला प्रश्न 'मुलगा की मुलगी', आणि दुसरा 'रंगानं कुणावर गेलंय?' विचारणाऱ्या आपणच असतो की! माझ्याही तोंडून हे वाक्य गेलेलं आहे. खोटं का बोलू?

तेव्हा काही साध्या गोष्टी. डबीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक नसतील तर ती घरात आणू नका, मग ती सख्ख्या बहिणीनं दिलेली का असेना. घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरस किंवा सिनाबारिस असं काही दिसलं तर तो पाराच. 'सोनं, चांदी, रबर, ॲल्युमिनियम यांना लागू देऊ नका' ही सूचना तर धोक्याची घंटा समजा. जागतिक आरोग्य संघटनेनंही ही खूण सांगितली आहे. पारा सोन्याला धरतो आणि ते पांढरं पडतं, म्हणून ती सूचना. असं क्रीम वापरत असाल तर आजच थांबा, डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डॉक्टरांना दाखवायला ठेवा, कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका. फेस, सूज असेल तर लघवीची साधी तपासणी करा. आणि घरात दिवस गेलेली मुलगी असेल तर मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांऐवजी तारली, मांदेली, बांगडा असे छोटे मासे तिच्या ताटात वाढा. मासे बंद करू नका, पोषण त्यांत आहेच.

आमच्या त्या मुलीचं काय झालं? क्रीम बंद केल्यावर काही महिन्यांनी सूज उतरली, लघवीतलं प्रथिन कमी होत गेलं. केरळातल्याही बहुतेक रुग्णांना क्रीम थांबवल्यावर आराम पडला होता, हा त्यातला दिलासा. रंग पुन्हा तिचा होता तसा झाला. तिच्या आईनं परवा बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "आता बघायला येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगते, मुलगी सावळी आहे. चालत असेल तर या, नाहीतर पेट्रोल वाचवा."

बायका खळखळून हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर आधी लेकीचं ड्रॉवर उघडलं आणि एकेक डबी हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचत बसले. तुमच्याही घरी एक ड्रॉवर असेलच.